बायकोला काम करू न देण्याचा उद्योग

तळमजल्यावरचे नेगेले जिन्यात माझ्याकडे बघून हसले, तेव्हाच मी ओळखलं की कुठंतरी पाणी मुरतंय. जर्मनीतल्या आमच्या श्वाबियात शेजारी उगाच हसत नाही. तो हसला म्हणजे त्याला तुमच्याबद्दल काहीतरी कळलेलं असतं, आणि ते तुम्हाला कळलेलं नाही हेही त्याला कळलेलं असतं.

"मेर्क्ले, तुमची बायको काम अगदी मन लावून करते हो," नेगेले म्हणाले.

मी जिन्यातच थबकलो. बायकोचं कौतुक ऐकून थबकायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. माझी बायको इनसुक कोरियाहून नुकती आलेली. परदेशी नागरिकांच्या कचेरीनं तिला एक तात्पुरता कागद दिला होता आणि त्यावर ठसठशीत छापलं होतं की राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात पडेपर्यंत या बाईला कसलाही कामधंदा करायला मनाई आहे. कार्ड कधी पडेल ते कोणी सांगेना. फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगायची, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजायची. मी ती बासरी इतकी ऐकली की दाढी करताना गुणगुणायला लागलो.

आणि इनसुक ही काही घरात बसून पडदे निरखणारी बाई नव्हे. ती पियानो सुरात लावते. बुसानमधले मोठमोठे पियानो तिच्या हाताखालून गेलेत. आमच्या गावात पियानो दुरुस्तीचा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या मालकानं तिचं काम बघून सांगितलं होतं, कार्ड आलं की दुसऱ्या दिवशी कामावर या, ईस्टरपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढं मात्र माझा नाइलाज आहे. आता मधल्या काळात कोणी कचेरीत जाऊन नुसतं कुजबुजलं की मेर्क्लेची बायको गुपचूप कामं करते, की कार्ड गेलं, जागा गेली आणि बायको विमानात. मी नगरपालिकेच्या मोजणी खात्यात आहे. कुंपण वीतभर सरकलं म्हणून सख्खा भाऊ भावाची तक्रार घेऊन येतो, हे मी रोज बघतो. त्यामुळे माणूस या प्राण्यावर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्यातल्या शेजारी या जातीवर तर अजिबातच नाही.

"कसलं काम?" मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

"झाडूचं," नेगेले म्हणाले, आणि पुन्हा हसले.

आमच्याकडे झाडूचा आठवडा असतो. ज्या बिऱ्हाडाची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. मग शनिवारी त्या घरानं जिना, तळघर आणि दारापुढची फरशी झाडून-पुसून लख्ख करायची, आणि पाटी पुढच्या दाराला अडकवून सुटकेचा श्वास टाकायचा. इथला माणूस एक वेळ देव मानणार नाही, पण पाटी मानतो. तर त्या आठवड्यात पाटी होती आमच्या डोक्यावर राहणाऱ्या आयझेलेबाईंच्या दारावर. बाईंच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काठी टेकत चालायच्या. इनसुकनं ते बघितलं, त्यांच्या दारावरची पाटी उचलली आणि सगळा जिना झाडून टाकला. बाईंनी खूश होऊन तिला प्लमच्या मुरंब्याची बरणी दिली.

ती बरणी आमच्या टेबलावर बघून मला घामच फुटला. काम केलं, त्याबद्दल वस्तू मिळाली. याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात? मला माहीत नव्हतं, म्हणून मी आमच्या मोजणी खात्यातल्या ओटला विचारलं. ओट माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि त्याला कशाबद्दलही मत नसतं असं कधी होत नाही. तो म्हणाला, नुसतं झाडलं असतं तर प्रश्न नव्हता, मुरंब्यानं घोटाळा केला. त्याच्या मेहुणीच्या ओळखीत एकाच्या परदेशी बायकोनं कोणाचं तरी मांजर सांभाळलं होतं आणि बदल्यात सॉसेज घेतले होते. पुढं काय झालं विचारलं, तर म्हणाला, ते लोक आता इथं राहत नाहीत. ते स्वखुशीनं गेले की त्यांना घालवलं, हे मात्र त्याला सांगता येईना, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

मी बरणी घेऊन वर गेलो आणि आयझेलेबाईंच्या पायपुसण्यावर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी ती आमच्या पायपुसण्यावर. मी पुन्हा वर नेली. तिसऱ्या दिवशी दोन बरण्या. मी दोन्ही परत केल्या आणि बाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. हे सगळं नेगेले खाली आपलं दार किलकिलं करून ऐकत होते याबद्दल मला शंका नाही. एरवी ते खिडकीत कोपराखाली उशी घेऊन दिवसभर रस्ता बघत बसतात. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण मी त्या डोळ्यावरही भरवसा ठेवत नाही.

मग मी इनसुकला समोर बसवून नियम सांगितले. दाराबाहेर झाडूला हात लावायचा नाही. कोणाची पिशवी उचलायची नाही. कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही. आमची पाळी येईल तेव्हा मी झाडेन.

"मग मी काय करायचं?" तिनं विचारलं.

"काही नाही. बसायचं."

"किती दिवस?"

"कार्ड येईपर्यंत."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच खिडकी उघडावीशी वाटली. खिडकीवरून आमचं आधीच वाजलेलं होतं. इथल्या पद्धतीप्रमाणे मी भर थंडीत सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडतो आणि घरातली शिळी हवा बाहेर काढतो. तिचं म्हणणं, हवेबरोबर उष्णताही जाते आणि तुम्ही लोक नंतर हीटरच्या बिलावर रडता. ती वाद घालते तेव्हा आवाज चढवत नाही. मी चढवतो, आणि मग आमचा वाद माझा एकट्याचाच आहे असं शेजाऱ्यांना वाटतं.

बसायचं म्हटलं तरी बिचारीला धड बसताही येईना. बँकेत गेली तर त्यांनी कागद उलटापालटा करून सांगितलं की कार्ड आल्यावर या. गाडीचा परवाना बदलायला गेली, कार्ड आल्यावर या. जर्मनच्या वरच्या वर्गात नाव घालायला गेली, तिथंही तेच. एकदा मला म्हणाली, लोथार, या गावात मी आहे हे कार्ड आल्यावरच ठरणार आहे का? मला तेव्हा वाईट वाटलं. पण वाईट वाटून भागत नाही, सावध राहावं लागतं, म्हणून मी आणखी एक शहाणपणा केला. खाली घंटीच्या बटणापाशी तिच्या नावाची चिठ्ठी लावली होती, ती काढून टाकली. जेवढी कमी दिसेल तेवढं बरं, असा माझा हिशेब.

आमची पाळी आली आणि मी झाडू घेऊन जिन्यात उतरलो. आमच्या इमारतीत लग्न झालेला पुरुष जिना झाडताना कोणी पाहिला नव्हता. नेगेले बाहेर आले आणि मी कोपरे कसे काढतो ते बघत उभे राहिले. पुढच्या दाराला पाटी अडकवून वर जाताना मला वाटलं, चला, बला टळली.

बला टळली नव्हती, नुसती कूस बदलून झोपली होती. सोमवारी ओट टेबलावर वाकून हळूच म्हणाला, बेकरीत बोलतायत की तुझी बायको तुला सोडून गेली. घंटीवरचं नाव निघालं, जिना तू झाडतोस, बाई दिसत नाही. मी म्हटलं, घरात आहे. तो म्हणाला, तू म्हणतोस तर असेल. मग आणखी वाकून म्हणाला, काही लोक तर म्हणतात ती मुळात आलीच नव्हती, म्हणजे लग्न नुसतं कागदी आहे, कार्ड मिळवण्यापुरतं. मी पेन्सिल मोडली. चाळिशी उलटल्यावर, टक्कल पडल्यावर, दोन्हीकडच्या नातेवाइकांचे टोमणे खाऊन केलेलं माझं लग्न, आणि ते म्हणे कागदी!

आता उलट औषध घ्यायला हवं होतं. रविवारी मी इनसुकला हिरवा कोट घालायला लावला आणि हातात हात घालून गावातून फिरायला काढली. चर्चवरून गेलो, बेकरीवरून गेलो, परत फिरून पुन्हा चर्चवरून गेलो. भेटेल त्याला मी "ही माझी बायको" म्हणून सांगत होतो. ज्यांना ती आधी भेटली होती त्यांनाही सांगितलं. बसथांब्यापाशी नेगेले उभे दिसले, म्हणून मी तिचा एक मुका घेतला. चारचौघांत, दिवसाढवळ्या. इनसुक इतकी दचकली की तिची पर्स खाली पडली.

सोमवारी ओटनं बातमी आणली. आता गावाची खात्रीच पटली होती. नेगेलेंचं म्हणणं असं, की खरा नवरा बसथांब्यावर बायकोचा मुका घेत नाही, तो बस किती उशिरा आहे ते बघतो. पंचाईत अशी, की ते खरं आहे.

माझी झोप उडाली. मी कचेरीला पुन्हा पुन्हा फोन करायला लागलो. बासरी संपून माणूस भेटला की मी नाव न सांगता, एका मित्राच्या बायकोबद्दल म्हणून शंका विचारायचो. मित्राच्या बायकोनं मुरंबा घेतला तर? घेऊन परत केला तर? तिचं लग्न कागदी आहे असं गावातल्या मूर्खांना वाटलं, तर ते कोणाकडे तक्रार करतील, आणि ती तक्रार आधी बघायला मिळते का? पलीकडचा माणूस फार शांतपणे ऐकून घ्यायचा. मला तेवढाच धीर यायचा.

आणि याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की इनसुक दुपारी घरी नसते. एकदा फाइल विसरली म्हणून मध्येच घरी आलो, तर घर रिकामं. परत आली तेव्हा तिच्या बाहीवर लाकडाचा भुसा होता आणि बोटांना पियानोच्या हातोड्यांवर असतो तसल्या लोकरीच्या नमद्याचे धागे. कुठं होतीस विचारलं तर म्हणाली, फिरायला. फिरून भुसा लागत नाही. मी ड्रॉवर उघडून बघितला, तिची सूर लावायची किल्ली जागेवर नव्हती. म्हणजे ही बया कारखान्यात जायला लागली होती! ईस्टर जवळ येतोय, जागा जाईल, म्हणून मागच्या दारानं कामाला लागली होती. पण मी बोललो नाही. बोलून खरं बाहेर येत नसतं, पाळत ठेवून येतं.

पाळत ठेवायला मी सर्दीची रजा काढली, आणि त्याच दिवशी, इनसुक 'फिरायला' गेल्यावर थोड्याच वेळात, घंटी वाजली. दारात एक नीटनेटकी बाई होती, किमिख म्हणून, परदेशी नागरिकांच्या कचेरीतली. म्हणाली, घंटीवर फक्त तुमचंच नाव दिसतंय. पत्नी आहेत का घरात?

"फिरायला गेलीय," मी म्हटलं, आणि मला शिंक आली.

किमिखबाईंनी घर बघितलं. दोन टूथब्रश, दोन उशा, हे सगळं मी त्यांना हौसेनं दाखवलं, जरा जास्तच हौसेनं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि साध्या आवाजात विचारायला लागल्या. पत्नी दिवसभर काय करतात? मी म्हटलं, बसतात. दुपारी काय जेवतात? माहीत नाही. गावात त्यांची मैत्रीण कोण? कोणी नाही. जर्मन कुणाकडे शिकतात? शिकत नाहीत, कार्ड नाही ना. काल संध्याकाळी तुम्ही दोघं काय बोललात? मला आठवलं की काल संध्याकाळी मी तिला एवढंच विचारलं होतं की तू कुठं गेली होतीस, आणि हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

किमिखबाई उठल्या. "मी जरा शेजारी विचारते," म्हणाल्या.

शेजारी विचारायला कुठं जावं लागलं नाही. नेगेले जिन्यातच उभे होते. मी मनात म्हटलं, संपलं. या माणसानं इतके दिवस याच क्षणाची वाट बघितली असणार.

"इथं राहते का म्हणजे? राहतेच!" नेगेले म्हणाले. "सकाळी यांच्या खिडक्या उघडल्या की दोघांचं भांडण सुरू. म्हणजे ओरडतात हे, ती नाही. असं भांडण लग्न झाल्याशिवाय जमत नाही. कचऱ्याचे डबे सुरुवातीला चुकवायची, मी तिला दोन दिवस उभं राहून शिकवलं, आता मलाच सुधारते. तिच्या त्या कोबीच्या लोणच्याचा रांजण मी स्वतः तळघरात नेऊन ठेवलाय. वास येतो, पण चव चांगली. दुपारी वर आयझेलेबाईंकडे जेवते, आत्ताही तिथंच आहे."

हे सगळं माझ्या घरात चाललं होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

आम्ही तिघं वर गेलो. आयझेलेबाईंच्या बैठकीत एक जुना काळा पियानो पोट उघडून उभा होता आणि त्याच्या आत डोकं घालून, हातात किल्ली घेऊन, माझी बायको काम करत होती. सरकारी माणसाच्या डोळ्यांदेखत.

"याचे पैसे घेता तुम्ही?" किमिखबाईंनी विचारलं.

इनसुक उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सरळ होता. म्हणाली, पैसे नाही घेत. यांचा एक सूर उतरलेला आहे, तो रोज दुपारी आमच्या छतातून येतो आणि माझ्या दाढा दुखतात. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं मना केलं असतं.

"पैसे?" आयझेलेबाईंनी काठी आपटली. "अहो, मी हिला साधी मुरंब्याची बरणी देऊ शकत नाही! हा माणूस परत आणून टाकतो. मी हिला डंपलिंग करायला आणि चार शब्द धड बोलायला शिकवते, ही माझा पियानो बघते. आमच्यात याला काम म्हणत नाहीत, शेजार म्हणतात."

किमिखबाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की तक्रार कोणीही केलेली नव्हती. महिनाभर एक गृहस्थ आपल्या घरच्या फोनवरून, नाव न सांगता, कागदी लग्नाबद्दल शंका विचारत होते, म्हणून कचेरीला बघून यावंसं वाटलं.

नेगेलेंनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यानंही पाहिलं.

"बाई इथं राहतात याबद्दल माझी खात्री झालीय," किमिखबाई जिना उतरताना म्हणाल्या. "तुम्ही कुठं राहता, ते मात्र मला नीट कळलं नाही, मेर्क्ले."

घरी आल्यावर मी इनसुकला म्हटलं, मला सांगायचं नाही का? ती हात धूत होती. म्हणाली, "तू विचारलंस कधी? तू फक्त जबाब घेतलेस."

मी पुष्कळ बोलू शकलो असतो. तिच्याच काळजीपोटी केलं, वगैरे. सर्दीमुळे घसा बसला होता म्हणून गप्प राहिलो, असं मी ओटला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली होती.

कार्ड ईस्टरच्या आधी आलं. पहिल्या दिवशी इनसुक हिरवा कोट घालून कामाला गेली. मी संध्याकाळी मसुराची आमटी आणि शेवया करून ठेवल्या. कारखाना सुटायची वेळ झाली, टळली, आमटी गार झाली. मी खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आणि मग मला एकदम भीती वाटली, मुरंब्याच्या वेळी वाटली होती तशी नाही, खरीखुरी. इतके महिने ही बाई घरी होती, कारण दुसरीकडे जायची तिला सोयच नव्हती. खातं नाही, परवाना नाही, पगार नाही. ते मी कार्ड येईपर्यंत संसार समजत होतो. आता कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. पियानो काय, हॅम्बुर्गलाही असतात, आणि तिथं तिला बसवून ठेवणारा कोणी नसेल. खाली नेगेले उशीवर कोपरं टेकून बसले होते. त्यांना ती दिसली का, एवढं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

दारात किल्ली फिरली. इनसुक आत आली, बूट काढले, कोट खुंटीला लावला आणि खुर्चीत बसून पाय लांब केले. उशीर का झाला, कुठं होतीस, कोणाबरोबर, तिन्ही प्रश्न माझ्या अगदी जिभेवर होते.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

तिला आता कुठंही जायची मोकळीक होती, आणि ती घरी आली होती. मी आमटी गरम करायला ठेवली.